गोव्याची सहल ठरवताय? हॉटेल नंतर बघा, आधी मुक्कामाचा तालुका ठरवा

दिवाळी जवळ आली की आमच्याकडं म्हापशाला फोन सुरू होतात, पुण्याची मावशी, कोल्हापूरचे भावोजी, डोंबिवलीची मैत्रीण, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, गोव्यात हॉटेल कुठलं चांगलं? मी सगळ्यांना एकच सांगते की हॉटेल हा तिसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न कोण कोण येतंय, म्हणजे आजी-आजोबा आहेत का, लहान पोरं आहेत का, की चार मित्रच. आणि दुसरा, सगळ्यात महत्त्वाचा, कुठल्या भागात राहणार. हे दोन ठरले की हॉटेल आपोआप सापडतं आणि हे न ठरवता हॉटेल घेतलं की सगळी सुट्टी गाडीत जाते.

गोवा नकाशावर एवढासा दिसतो, 3,702 चौरस किलोमीटर, किनारा जेमतेम शंभर किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे लोक प्लॅन काय करतात तर सकाळी हरमल, दुपारी जुनं गोवं, संध्याकाळी पाळोळेंला सूर्यास्त. अहो पेडण्याहून काणकोणला जायला तीनेक तास धरा, त्यात पणजीचा पूल, पर्वरीचं ट्रॅफिक, मडगावचं ट्रॅफिक, आणि पोचल्यावर पार्किंग शोधायचं ते वेगळंच. चार दिवस असतील तर एकच मुक्काम करा आणि त्याच्या आजूबाजूचा गोवा नीट बघा. सहा दिवस असतील तर दोन मुक्काम, एक उत्तरेला एक दक्षिणेला. त्यापेक्षा जास्त बॅगा उघडायच्या-भरायच्या नाहीत.

आता भाग कसे आहेत ते सांगते.

कांदोळी, कळंगुट, बागा हा पट्टा सगळ्यांना माहीत असतो, हॉटेलं भरपूर, खायला रात्री उशिरापर्यंत मिळतं, वॉटर स्पोर्ट्स इथंच, आणि गर्दीही इथंच. पहिल्यांदा येणारे तरुण मित्रमंडळ असेल आणि त्यांना गजबज हवी असेल तर इथं राहावं, त्यात वाईट काही नाही. पण वयस्कर माणसं घेऊन शनिवार-रविवारी इथं राहू नका, संध्याकाळी कळंगुटच्या चौकातनं गाडी काढता काढता जीव नकोसा होतो. हणजुणे आणि वागातोर थोडं वेगळं, खडकाळ किनारा, वर डोंगरावर शापोराचा किल्ला, कॅफे आणि पार्ट्या, रात्री आवाज असतो. त्याच्या वर शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका लागतो, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, आणि अगदी टोकाला केरी. माझ्या मते उत्तर गोव्यात कुटुंब घेऊन राहायला मांद्रे-मोरजी सगळ्यात चांगलं. किनारा रुंद आहे, सकाळी चालायला माणूस एकटा असतो, गावात होमस्टे मिळतात आणि मोपा विमानतळ तिथून जवळ पडतो.

दक्षिणेला सासष्टीचा सरळसोट पांढऱ्या वाळूचा किनारा आहे, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी असा खाली मोबोरपर्यंत. मोठी रिसॉर्ट्स इथं जास्त, त्यामुळे ज्यांना कुठं फिरायचंच नाही, तीन दिवस स्विमिंग पूल, समुद्र आणि झोप एवढंच पाहिजे त्यांनी बेलाशक इथं यावं. त्याच्याही खाली काणकोण, तिथं आगोंद, पाळोळें, पाटणें. पाळोळें हे दोन डोंगरांच्या मधे अर्धचंद्रासारखं वळलेलं आहे आणि पाणी त्यामानाने शांत असतं, लहान पोरांना घेऊन जायला माझी पहिली पसंती तीच. आगोंद अजून शांत. पण तिथं जाऊन परत रोज कळंगुटला यायचं असेल तर कृपा करून जाऊच नका.

आणि तिसरा भाग, ज्याचा कुणी विचारच करत नाही, तो म्हणजे पणजी. पणजीत राहिलात तर कळंगुट-बागासारखे किनारे पंधरा किलोमीटर लांब पडतात हे खरं, पण जुनं गोवं, फोंड्याची देवळं, दिवाडी-चोडणची बेटं, बाजार, खाणावळी सगळं हाताशी येतं, बस कुठूनही कुठंही मिळते, आणि आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे त्यांनी तर फोंड्याकडं देवळांच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, एक रात्र तरी राहावं, खोल्या साध्या, स्वच्छ असतात, मात्र देवस्थानच्या ऑफिसात आधी फोन करून विचारायचं, जत्रेच्या दिवसांत जागा मिळत नाही.

कधी यायचं ह्याचं सरळ उत्तर म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून 20 डिसेंबरच्या आत, नाहीतर मग जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी अखेर. हवा चांगली, शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं, लागलेले असतात आणि खोल्यांचे भाव माणसात असतात. ख्रिसमस ते एक जानेवारी हा काळ ज्यांना तीच मजा हवीय त्यांनीच निवडावा, खोलीचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि टॅक्सी मिळत नाही. मेच्या सुट्टीत पोरांमुळं यावंच लागतं, तर या, घाम निघेल पण मानकुराद आंबा तेव्हाच मिळतो, आणि मार्च ते मे उर्राकचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा सीझन, घेणाऱ्यांनी लिंबू-सोड्याबरोबर बेताने घ्यावी, चढते कधी कळत नाही.

पावसाळ्यातला गोवा मला स्वतःला सगळ्यात आवडतो पण तो समुद्राचा गोवा नाही हे समजून या. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नाही म्हणजे नाही, शॅक काढलेले असतात, वॉटर स्पोर्ट्स बंद. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते, त्यामुळं त्या दोन महिन्यांत ताटात मोठी ताजी मासळी कमी आणि खाडीची, नदीची किंवा बर्फातली जास्त, मासे खायला म्हणून येणार असाल तर ऑगस्टनंतर या. पण शेतं हिरवीगार, भाव पडलेले, सत्तरी-सांग्याकडं धबधबे. 24 जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या मारतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलातला खेळ होतो, तो एकदा बघाच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला मात्र पर्यटक म्हणून येऊ नका, अख्खा गोवा आपापल्या मूळ घरी गेलेला असतो, खाणावळी बंद, बस कमी, तुमचीच अडचण होईल. आणि दिवाळीला आलात तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री जागे राहा, गावोगाव पोरांनी केलेले मोठमोठे नरकासुर असतात, पहाटे जाळतात, पणजी-म्हापशात रात्रभर लोक ते बघत फिरतात.

बुकिंगबद्दल जरा थांबून सांगते कारण ह्यात माणसं फसतायत. इंटरनेटवर व्हिला, स्विमिंग पूल, पाच बेडरूम असले झकास फोटो टाकलेले असतात, खाली मोबाईल नंबर, फोन केला की गोड बोलतात, आज अर्धे पैसे यूपीआय करा नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे म्हणतात, आणि इथं येऊन बघावं तर त्या पत्त्यावर भलतंच कुणीतरी राहतंय, त्यांना काही पत्ताच नाही. आमच्या नात्यातलेच लोक असे भर दुपारी पोराबाळांसकट रस्त्यावर उभे राहिलेले मी बघितलेत. म्हणून घाई करणाऱ्याला पैसे पाठवायचे नाहीत. व्हिडिओ कॉल लावून गेटपासून खोलीपर्यंत चालत दाखवा म्हणायचं, पर्यटन खात्याकडं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारायचं, तेच फोटो दुसऱ्या नावाने कुठं आहेत का ते शोधायचं, आणि पैसे कुठल्या नावाच्या खात्यात जातायत ते वाचायचं. खरा मालक ह्या चौकशीनं चिडत नाही. आणि "बीचपासून पाच मिनिटं" हे वाचलं की मॅप उघडून चालत किती ते बघा, बऱ्याचदा ती पाच मिनिटं गाडीची असतात.

यायचं कसं. विमानाने येणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ, आणि मोपा पेडणे तालुक्यात, जानेवारी 2023 पासून सुरू झालेला. मोपाला उतरून पाळोळेंला जायचं म्हणजे शंभर किलोमीटर, तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले. उत्तरेत राहणार तर मोपा, दक्षिणेत राहणार तर दाबोळी, आणि परतीचं तिकीट कुठल्या विमानतळावरून आहे ते दोनदा वाचा, चुकीच्या विमानतळावर पोचणारे लोक अजूनही असतात. मोपावरून कदंबच्या, म्हणजे सरकारी बस पणजी, म्हापसा, मडगावला जातात, बॅगा कमी असतील तर त्या उत्तम.

रेल्वे माझी लाडकी. मुंबईहून मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तेजस, वंदे भारत आहेत, रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या दिवसांचं तिकीट त्याच सकाळी काढावं लागतं. मांडवीने दिवसाचा प्रवास करा, खायला सतत काही ना काही येत राहतं आणि बोगदे, नद्या, पूल बघता बघता वेळ जातो. मात्र उतरायचं कुठं ते मुक्कामावर ठरवा, म्हणून तर मुक्काम आधी ठरवायचा. कळंगुट-हणजुणेला जायचं तर थिवीला उतरा, पणजीला जायचं तर करमळी, दक्षिणेला जायचं तर मडगाव. सगळे मडगावपर्यंत जातात आणि मग उत्तरेला उलटे येतात, दीड तास फुकट जातो. पुणे-मिरजेकडनं येणाऱ्यांना गोवा एक्सप्रेस आहे, ती लोंढ्यावरून घाट उतरते आणि दूधसागर अगदी खिडकीसमोरून जातो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल असतं, गाड्या सावकाश चालतात, ते बघून निघा.

गाडीने येणाऱ्या कोल्हापूर-सांगलीकरांना आंबोली किंवा तिलारीचा रस्ता, बेळगावहून चोर्ला. रात्री घाट उतरू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही, आंबोलीत धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. निपाणीच्या आसपास मुक्काम करा आणि पहाटे निघा, सकाळी दहाला सावंतवाडीत नाष्टा होतो.

इथं आल्यावर फिरायचं कसं हा लोकांचा सगळ्यात मोठा वैताग, कारण ओला-उबर इथं चालत नाही. गोवामाईल्स हे टॅक्सीचं ॲप आहे ते आधीच मोबाईलवर घेऊन ठेवा. टॅक्सीवाल्याशी भाडं बसायच्या आधी बोलायचं, परतीचं धरून की एका बाजूचं तेही. एकटे असाल तर पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा माणूस, मागे बसायचं, तो गल्लीबोळातनं वेळेत पोचवतो. पणजी-म्हापसा-मडगाव बस दिवसभर भरपूर, पण गावातल्या बस रात्री आठनंतर विरळ होतात.

स्कूटर भाड्याने घेणार असाल तर नंबर प्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळे अंक म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना असलेली गाडी. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी खाजगी गाडी, पन्नास रुपये कमी सांगतील पण पोलिसांनी अडवलं की दंड तुम्ही भरायचा, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सचा घोळ होतो तो वेगळाच. घेताना गाडीभोवती एक चक्कर मारून मोबाईलवर व्हिडिओ काढा, प्रत्येक ओरखडा, आरसा, फूटरेस्ट, पेट्रोलचा काटा, सगळं मालकासमोर. ब्रेक दाबून बघा, हॉर्न, मागचा लाइट. ओरिजिनल आधार कार्ड ठेवून घेत असतील तर दुसरीकडं जा, झेरॉक्स द्यायची. हेल्मेट दोघांनाही मागा. सीझनला दिवसाला साधारण 400-500 पडतात, ख्रिसमसला दुप्पट सांगतात. आणि गोव्यातले आतले रस्ते अरुंद, वळणावळणाचे, रात्री मधेच गुरं बसलेली असतात, पिऊन चालवायचं तर नावच नको.

फेरीबोट हा फिरण्याचाच भाग समजा. रायबंदरहून चोडण, जुन्या गोव्याहून दिवाडी, केरीहून तेरेखोल. साध्या फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, स्कूटर सरळ आत घालायची, दहा मिनिटांत पलीकडं. माझी आवडती अर्ध्या दिवसाची फेरी सांगते, मराठी माणसाने ही करावीच. सकाळी जुन्या गोव्यात बॉम जेझस आणि से कॅथेड्रल बघा, ही चर्चं 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, मग तिथनंच खाली धक्क्यावर येऊन फेरीने दिवाडीला जा, बेटावरनं शेतांमधनं गाडी चालवत पलीकडच्या धक्क्यावर, तिथनं दुसरी फेरी नार्वेला. नार्व्यात सप्तकोटेश्वराचं देऊळ. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, कदंब राजांचं कुलदैवत, पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपलीकडं नार्व्यात आणलं गेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख तिथं आहे. अलीकडंच पुन्हा नीट काम झालंय. आपण जी नदी दोन बोटींनी ओलांडली तीच देवाने ओलांडलेली असते, हे तिथं उभं राहिल्यावर जाणवतं. ह्या रस्त्यावर गर्दी नसते आणि दोन्ही गोवे एका सकाळीत बघून होतात.

फोंड्याची देवळंही एका ओळीत येतात, जुन्या गोव्याहून बाणस्तारीचा पूल ओलांडला की मंगेशी, लगेच म्हार्दोळची म्हाळसा, मग फर्मागुडीवरून खाली रामनाथी आणि कवळेची शांतादुर्गा. हाफ पँट, स्लीव्हलेस घालून जाऊ नका, आत सोडत नाहीत. मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी असते, जमलं तर तो वार धरा. ज्यांना जुनं शिल्प बघायची हौस आहे त्यांनी तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ, कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं, जंगलात, सकाळी लवकर जायचं, वाटेत खायला फारसं काही नाही, फोनला रेंज नाही. दूधसागरला कुळ्याहून जीपने जायचं, ऑक्टोबर ते मे, लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात. पावसाळ्यात रेल्वे रुळावरून चालत जायचे व्हिडिओ बघून कुणी तसं करू नका, रेल्वे पोलिस पकडतात आणि ते धोक्याचंही आहे. किल्ल्यांमध्ये आग्वाद, 1612 चा, खालचा जुना तुरुंग आता गोवा मुक्तीलढ्याचं म्युझियम झालाय, पोरांना तिथं न्या.

आता समुद्र. हे मी कळकळीने लिहितेय, कारण दर सीझनला कुणाच्या ना कुणाच्या घरचा मुलगा इथं बुडतो आणि बऱ्याचदा तो आपल्याच घाटावरचा, विहिरीत-नदीत पोहायला शिकलेला, चांगला पोहणारा असतो. समुद्राची खेच वेगळी. लाटा फुटून आलेलं पाणी परत जाताना एका पट्ट्यातनं जोरात आत जातं, तिथं लाटा कमी दिसतात आणि म्हणूनच माणसाला ती जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथंच उतरतो. अशा ओढ्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, दमछाक होऊन माणूस बुडतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, आणि किनाऱ्याला समांतर आडवं पोहत ओढ्याच्या बाहेर यायचं, मग लाटांबरोबर आत यायचं.

किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. 2008 पासून दृष्टी ह्या कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात, ते शिट्टी मारतात तेव्हा बाहेर या, वाद घालू नका. संध्याकाळी ते टॉवरवरनं उतरले की पाण्यात जायचं नाही, सूर्यास्त वाळूवरनंच बघायचा. नदी समुद्राला मिळते तिथं, म्हणजे मिरामार, बागाची खाडी, केरीचं टोक, अशा ठिकाणी पोरांना अजिबात सोडू नका. वागातोर-हणजुण्याच्या खडकांवर शेवाळ असतं, फोटोसाठी कडेला गेलेली माणसं लाटेने ओढून नेलीत. जेवून, पिऊन पाण्यात नाही. वाळूवर गाडी घालायची नाही, रुतते आणि वर गुन्हाही दाखल होतो. मोरजी, आगोंद, गाळजीबागेला हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात, कुंपण घातलेल्या जागेजवळ रात्री टॉर्च, फ्लॅश, गाणी काही नको.

वॉटर स्पोर्ट्स करायचे तर काउंटरवर पावती घेऊन करा, किनाऱ्यावर मागे मागे येणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका, आणि जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघा.

खाण्याचं सांगितल्याशिवाय कसं चालेल. दुपारी फिश थाळीच घ्यायची, आणि साडेबारा-एकपर्यंत खाणावळीत बसायचं, दोननंतर चांगली मासळी संपते आणि तीन ते सात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं, दुकानंसुद्धा दुपारी बंद असतात, ते धरूनच दिवस आखा. ताटात उकड्या तांदळाचा भात, वाटीत हुमण, म्हणजे माशांची आमटी, बांगड्याचं असेल तर त्यात तिरफळं टाकलेली असणार, ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. शेजारी किसमूर, म्हणजे सुकी सुंगटं (कोळंबी) भाजून त्यात ओलं खोबरं आणि कांदा, ते भातात कालवून खा. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, एखादी भाजी, लोणचं, सोलकढी. वर रव्यात तळलेला तुकडा वेगळा मागवायचा, सुरमईला इथं इसवण म्हणतात, चणाक मिळाला तर चणाक घ्या, मुड्डुशी मिळाली तर विचारच करू नका. फक्त मागवायच्या आधी आज काय आलंय आणि तुकडा केवढ्याला ते विचारा, पापलेट, चणाक आकारावर असतं, बिल बघून मग वाद होतात. साध्या खाणावळीत थाळी दोन-तीनशेत होते, समुद्रावरच्या शॅकमध्ये तेच दुप्पट, पण शॅकमध्ये आपण जागेचे पैसे देतो, दोन तास पाय वाळूत घालून बसता येतं, कुणी उठवत नाही.

शाकाहारी लोकांना उगाच भीती असते. सकाळी पणजीत भोंसले किंवा तातोमध्ये जा, मिक्स भाजी आणि पाव सांगा, वर एक मिरचीभजं. ही मुंबईची लोणी घातलेली पावभाजी नाही, पातळ भाजी वेगळी, सुकी वेगळी, बटाटा, वाटाणा, चवळी, खोबऱ्याच्या रसातली. गोड बन्स घ्या. देवळांच्या जवळच्या हॉटेलांत खतखतें (मिश्र भाज्यांचं), तोंडाक (कडधान्याची आमटी), सुरणाची किंवा नीरफणसाची रवा लावलेली कापं मिळतात, मासे खाणारेसुद्धा कापांना नाही म्हणत नाहीत. मांसाहारी लोकांनी संध्याकाळी सातनंतर गाड्यावर रस ऑम्लेट खावं, ऑम्लेटवर कोंबडीच्या शागोतीचा, म्हणजे मसालेदार रश्शाचा, गरम रस ओततात, कांदा, कोथिंबीर, लिंबू, दोन पाव. आणि गावात होमस्टेला असाल तर सकाळी सायकलवरनं पोंक-पोंक करत पोदेर, म्हणजे पाववाला येतो, पिशवी घेऊन गेटवर उभं राहायचं आणि पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, घ्यायची, गरम पोईत नुसतं लोणी घालून खाल्लं तरी नाष्टा झाला.

बाजार करायचा तर शुक्रवारी म्हापसा. त्या दिवशी गावोगावच्या बायका माल घेऊन बसतात, मयड्याची मोठी केळी, हरमलच्या मिरच्या, आगळ (कोकमाचा रस), मातीची भांडी, झाडाची रोपं. सकाळी दहाच्या आत या, रविवारी बाजार बंद. हणजुण्याचा बुधवारचा बाजार कपडे-दागिन्यांचा, तिथं घासाघीस करायची. काजू घेताना गोव्याचाच आहे का ते विचारून घ्या, बाहेरचा काजू गोव्याच्या नावाने भरपूर विकला जातो, म्हापशाच्या किंवा पणजीच्या मार्केटमधल्या जुन्या दुकानात बरा मिळतो.

गावातनं फिरताना एवढं लक्षात ठेवा की ही लोकांची राहती घरं आहेत. पणजीत फोंतेन्यासची रंगीत घरं बघायला जाल, बघा, पण कुणाच्या पायरीवर बसून, खिडकी उघडून फोटो काढू नका, तिथली माणसं ह्याला खरंच कंटाळलीयत. समुद्रावर उघड्यावर पिणं, बाटल्या टाकणं, रस्त्याकडेला गॅस लावून स्वयंपाक करणं ह्याला दंड आहे. बोलायला मराठी बिनधास्त चालते, इथं जत्रेत अजून रात्रभर मराठी नाटकं होतात, रस्ता विचारताना हिंदी-इंग्रजीची गरज नाही, दुकानदार दोन रुपये कमीच घेईल.

सामान फार नको. सुती कपडे, टोपी, देवळासाठी एक पूर्ण कपड्यांचा जोड, ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी, ओडोमॉस, आणि पोरांची औषधं. समुद्राच्या पाण्यातनं आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ केली नाही तर अंग खाजतं, म्हणून चेकआउटच्या दिवशी सकाळी समुद्रावर जायचं असेल तर हॉटेलला आधी विचारून ठेवा.

परतीच्या दिवशी काही ठेवू नका. दारूच्या बाटल्या घेऊन महाराष्ट्रात जायचं तर परमिट लागतं, बांद्याच्या पुढं इन्सुलीला एक्साईजचं चेकपोस्ट आहे, गाड्या उघडून बघतात, मुलांसमोर तो प्रकार नको. मासे न्यायचे तर शेवटच्या सकाळी म्हापसा किंवा मडगावच्या मार्केटमधनं घेऊन बर्फात पॅक करून द्या म्हणायचं, ते थर्माकोलच्या डब्यात नीट करून देतात, रात्रीच्या गाडीने सकाळी पुण्यात चांगले पोचतात. आणि पाळोळेंहून मोपाला जाणाऱ्यांनी फ्लाइटच्या आधी सहा तास तरी निघायचं, मडगाव बायपास आणि पर्वरी दोन्ही त्याच वाटेवर आहेत.